भाजलेले बदक : बाजारापासून घरापर्यंत

पाककृतींच्या संदर्भात ‘घरगुती’ आणि ‘परंपरागत’ ही दोन विशेषणे बहुधा जोडीने वापरली जातात. जे घरात शिजते ते जुने, आणि जे जुने ते घरातूनच आलेले, असा एक समज त्यामागे असतो. चिनी पद्धतीने भाजलेल्या बदकाचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. हा पदार्थ जुना आहे. परंतु त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग घराबाहेर गेला आहे. तो राजवाड्यात होता, धनिकांच्या वाड्यात होता, आणि सर्वांत अधिक काळ तो बाजारात होता. सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात तो गेल्या काही दशकांतच आला, आणि तोही प्रथम चीनमध्ये नव्हे, तर चीनपासून दूर. तो घरात का नव्हता आणि पुढे का आला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत एका पदार्थाबरोबरच एका समाजाचाही इतिहास सामावलेला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुलीत आहे. चिनी घरातील पारंपरिक चूल ही विटामातीची, वरच्या बाजूस कढई बसेल असे भोक असलेली असते. तिच्यात तळणे, परतणे, उकडणे आणि वाफवणे उत्तम साधते. मात्र सर्व बाजूंनी कोरडी आच देणारी बंदिस्त भट्टी तिच्यात नसते. दाट वस्तीच्या प्रदेशांत सरपण महाग होते. ते वाचवायचे तर भाजी आणि मांस बारीक चिरावे, आच मोठी ठेवावी आणि पदार्थ क्षणार्धात उतरवावा, ही रीत तेथे स्थिरावली. चिरण्याला लागणारे श्रम स्वस्त आणि लाकूड महाग, अशा अर्थव्यवस्थेतून ही पाकशैली घडली, असे म्हटल्यास चूक होणार नाही. अखंड पक्षी तासभर धगीपाशी ठेवणे या अर्थव्यवस्थेत बसणारे नव्हते. भट्टी एकदा तापवली की तिच्यात एक नव्हे, दहा बदके टांगावीत, तरच सरपण परवडे. आणि दहा बदके रोज खपवणे हे घराचे नव्हे, दुकानाचे काम होते.

ही विभागणी किती जुनी आहे, याचा एक पुरावा बाराव्या शतकातील आहे. उत्तर सोंग राजवटीची राजधानी काइफेंग ही त्या काळातील जगातील अतिशय गजबजलेल्या नगरांपैकी एक होती. ११२७ साली ती जुरचेन आक्रमकांच्या हाती पडली. तेथे वाढलेला मेंग युआनलाओ हा गृहस्थ इतर असंख्य निर्वासितांप्रमाणे दक्षिणेस गेला आणि पुढे त्याने गमावलेल्या नगराच्या आठवणी लिहून काढल्या. ‘दोंगजिंग मेंग हुआ लू’ या त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर ११४७ या वर्षाची नोंद आहे. रस्ते, देवळे, उत्सव यांच्याइतक्याच बारकाईने त्याने खाद्यपदार्थांची दुकाने नोंदवली आहेत. फिरत्या विक्रेत्यांच्या मालात भाजलेली कोंबडी आणि शिजवलेले बदक यांचा उल्लेख येतो. व्यापारउदीम करणारी कुटुंबे पुष्कळदा बाजारातूनच तयार अन्न आणीत आणि घरी भाजीपाला ठेवीतच नसत, असेही तो सांगतो. शिजवलेले मांस विकत आणणे हे त्या नागरी जीवनात आळसाचे किंवा उधळपट्टीचे लक्षण नव्हते. तो रोजचा व्यवहार होता. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या व्यवहाराची इतकी तपशीलवार नोंद तो व्यवहार चालू असताना नव्हे, तर हातचा गेल्यानंतर झाली. जे समोर आहे ते लिहून ठेवण्याची गरज त्या नगरातल्या माणसाला भासली नव्हती. ती निर्वासिताला भासली.

बाजाराबाहेर भाजलेले पक्षी होते ते श्रीमंतांच्या पंगतीत. मंगोल सम्राटांच्या दरबारी आहारतज्ज्ञ असलेल्या हू सीहुई याने १३३० साली ‘यिनशान झेंगयाओ’ हा ग्रंथ सादर केला. त्यात रानहंस, बदक यांसारखे पक्षी मेंढीच्या पोटाच्या पिशवीत, कांदा आणि धन्यांसह गुंडाळून भाजण्याची कृती आहे. ही कृती गवताळ मैदानातील पशुपालकांच्या स्वयंपाकाशी नाते सांगणारी आहे. आजच्या चकाकत्या, लालसर कातडीच्या बदकाशी तिचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, १७९२ साली, कवी युआन मेई याचा ‘सुइयुआन शिदान’ हा पाकग्रंथ प्रसिद्ध झाला. नानजिंग येथील आपल्या प्रसिद्ध उद्यानात राहणाऱ्या या रसिकाने भाजलेल्या बदकावर अगदी मोजके शब्द खर्च केले आहेत : कोवळे बदक घ्यावे, काट्यावर टोचून भाजावे, आणि ते सर्वांत उत्तम कोणाच्या घरी होते, तर फेंग आडनावाच्या एका अधिकाऱ्याच्या घरी. येथे ‘घर’ हा शब्द आहे खरा. पण ते पदरी बल्लव बाळगणाऱ्या अधिकाऱ्याचे घर आहे. त्या बल्लवाचे नाव मात्र कवीने दिलेले नाही. हे मौन एकट्या युआन मेईचे नव्हे. चिनी खाद्यसंस्कृतीचा लिखित इतिहास चाखणाऱ्यांनी लिहिला, भाजणाऱ्यांनी नव्हे. ज्ञान एकाकडे आणि लेखणी दुसऱ्याकडे, ही स्थिती अनेक शतके टिकली.

काट्यावर भाजण्याच्या या पद्धतीची खूण भाषेत अजून शिल्लक आहे. कँटनच्या दुकानांत मिळणाऱ्या लाल, गोडसर डुकराच्या मांसाला ‘चार सिऊ’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘काट्यावर भाजलेले’. आज हे मांस काट्यावर नव्हे, आकड्याला टांगून भाजतात. साधन बदलले, शब्द राहिला.

काट्याकडून भट्टीकडे झालेले स्थित्यंतर ज्या नगराच्या नावाशी जोडले जाते ते बीजिंग. मिंग राजवटीची पहिली राजधानी नानजिंग होती. सम्राट योंगले याने १४२१ साली राजधानी अधिकृतरीत्या उत्तरेस हलवली, आणि दरबाराबरोबर दक्षिणेतील बदकाची आवडही उत्तरेस गेली, असे परंपरा सांगते. बीजिंगमधील ‘बिआन्यीफांग’ हे दुकान आपली स्थापना १४१६ सालची मानते. हा दावा दुकानाच्या परंपरेचा भाग म्हणून घ्यावा. परंतु नानजिंग हे आजही बदकासाठी, विशेषतः मिठात मुरवून शिजवलेल्या बदकासाठी, प्रसिद्ध आहे हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. बिआन्यीफांगची पद्धत बंद भट्टीची. भट्टी आधी ज्वारीवर्गातील धान्याच्या ताटांनी तापवायची, जाळ विझला की बदके आत ठेवून तोंड बंद करायचे आणि शेवटपर्यंत उघडायचे नाही. भिंतींनी साठवलेल्या उष्णतेवरच पक्षी शिजतो.

दुसरी पद्धत टांगत्या भट्टीची. यांग च्वानरेन हा कोंबड्या-बदकांचा विक्रेता. त्याने १८६४ साली राजधानीच्या दक्षिण वेशीजवळ डबघाईस आलेले एक दुकान विकत घेतले आणि त्याच्या नावातील अक्षरांचा क्रम उलटा करून ‘च्वानज्युद’ हे नाव ठेवले, अशी कथा आहे. राजवाड्याच्या भट्टीवर काम केलेला एक कारागीर त्याने नोकरीस ठेवला, असेही सांगतात. या भट्टीला दार नसते. बोर, नासपती अशा फळझाडांच्या लाकडाचा जाळ पुढे पेटता असतो, बदके आत टांगलेली असतात, आणि भाजणारा लांब काठीने ती फिरवीत राहतो. पोट न चिरता पंखाखालच्या लहानशा छेदातून आतडी काढतात. कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरून कातडी फुगवतात. उकळते पाणी ओतून ती ताणतात, धान्याच्या मोडांपासून केलेल्या काकवीसारख्या घट्ट पाकाचा पातळ हात तिच्यावर फिरवतात आणि पक्षी वाऱ्यावर सुकवतात. भट्टीत टांगण्यापूर्वी पोटात पाणी भरतात. बाहेरून कोरडी धग आणि आतून वाफ, अशा दुहेरी क्रियेने मांस मऊ राहते आणि कातडी कुरकुरीत होते. सुकवण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर रसायनशास्त्र देते. कातडीत पाणी असेपर्यंत तिचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे फारसे जात नाही. आणि लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केलेली, शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगाने तपकिरी रंग व खरपूस वास देणारी क्रिया त्याहून अधिक उष्णतेवर जोमाने घडते. कारागिरांना हे सूत्र ठाऊक नव्हते. परंतु त्याचा परिणाम त्यांच्या हातांना ठाऊक होता.

या कारागिरीची एक कठोर बाजूही आहे. बीजिंगचे पांढरे बदक लवकर लठ्ठ व्हावे म्हणून त्याच्या घशात खाद्य कोंबण्याची पद्धत रूढ झाली. अशा बदकाला ‘कोंबलेले बदक’ म्हणतात. चिनी भाषेत हाच शब्दप्रयोग पुढे घोकंपट्टीच्या शिक्षणासाठी रूढ झाला. विद्यार्थ्याच्या डोक्यात ज्ञान कोंबण्याच्या पद्धतीला आजही ‘कोंबलेल्या बदकाचे शिक्षण’ असे उपहासाने म्हटले जाते.

दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांतात याच पदार्थाचे वेगळे रूप विकसित झाले, आणि जगभर ‘चिनी भाजलेले बदक’ म्हणून जे ओळखले जाते ते बहुतांशी हेच रूप होय. बीजिंगमध्ये भर कातडीवर. तिचे काप पातळ पोळीत, पातीचा कांदा आणि गोडसर आंबवलेल्या वाटणासह गुंडाळून खातात. कँटनमध्ये भर मसाल्यावर. आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, आले, पातीचा कांदा आणि पंचमसाला बदकाच्या पोटात भरून पोट शिवून टाकतात. भाजताना आतल्या आत जो रस सुटतो तोच पुढे रश्श्याचे काम करतो. पक्षी हाडांसकट तुकडे करून भातावर वाढतात. पंचमसाल्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि सिचुआनी मिरे असतात. यांपैकी शेवटचे म्हणजे कोकणात आणि गोव्यात माशांच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाचे जवळचे भावंड. दोन्ही एकाच वनस्पतिकुलातील, एकाच प्रजातिगटातील. ‘दालचिनी’ हा शब्द तर मूळच्या फारसीत ‘चीनचे लाकूड’ असाच अर्थ सांगतो. काचेआड आकड्यांना टांगलेली बदके, लाकडी ठोकळा आणि जड सुरा हे कँटनच्या भाजणावळीचे दृश्य. गिऱ्हाईक घरी भात शिजवी आणि बदकाचा चौथा हिस्सा दुकानातून आणी. घरच्या जेवणात बदक असे. घरच्या चुलीवर नसे.

ही घडी विस्कटली ती स्थलांतराने. १८४८ नंतर कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर ग्वांगडाँगमधील हजारो पुरुष अमेरिकेत गेले. येथे एक विलक्षण योगायोग नोंदवावासा वाटतो. १८७३ साली बीजिंगची पांढरी बदके जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचली. लांबच्या प्रवासात पुष्कळ दगावली. जगलेल्या नऊ पक्ष्यांपासून अमेरिकेतील या जातीचा विस्तार झाला, असे मानले जाते. लाँग आयलंड येथे त्यांच्या पैदाशीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. चिनी बदकाला अमेरिकेने असे घर दिले. चिनी माणसाला मात्र नाही. १८७५च्या कायद्याने चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळजवळ बंद झाला, आणि १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना दार लावले. परिणामी अमेरिकेतील चिनी वस्त्या दीर्घकाळ एकट्या पुरुषांच्या वस्त्या राहिल्या. या वस्त्यांत भाजणावळीची दुकाने उभी राहिली, कारण कारागीर बरोबर आले होते. परंतु ‘घरचा स्वयंपाक’ ही कल्पनाच तेथे अपुरी होती, कारण कायद्याने घरच पुरे होऊ दिले नव्हते. घरी बदक भाजले जात नव्हते याचे चीनमधील कारण सरपण होते. अमेरिकेतील कारण कायदा होता.

१९४३ साली हा बंदीचा कायदा रद्द झाला. पण वर्षाला अवघ्या १०५ चिनी लोकांना प्रवेश मिळे. महायुद्धानंतर सैनिकांच्या पत्नी येऊ लागल्या, आणि राष्ट्रवार वाटणीची पद्धत मोडीत काढणाऱ्या १९६५च्या कायद्यानंतर कुटुंबे मोठ्या संख्येने आली. या संक्रमणाच्या आरंभी, १९४५ साली, बुवेई यांग चाओ यांचे चिनी पाकशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. बुवेई या टोकियोत शिकलेल्या डॉक्टर. त्यांचे पती युआनरेन चाओ हे नामवंत भाषाशास्त्रज्ञ. पती बोलीभाषांच्या नोंदी घेत चीनभर फिरत असताना बुवेई यांनी ठिकठिकाणच्या पाककृती गोळा केल्या होत्या. पुस्तक त्यांनी चिनीत लिहिले, कन्येने इंग्रजीत उतरवले आणि पतीने त्यावर हात फिरवला. मोठ्या आचेवर हलवत परतण्याच्या क्रियेसाठी इंग्रजीत आज रूढ असलेला शब्द या कुटुंबाने घडवला. ज्या हातांनी शिजवले त्याच हातांनी लिहिले, ही या ग्रंथाची खरी नवलाई. मेंग युआनलाओप्रमाणेच बुवेई यांनीही आपल्या देशापासून दूर, युद्धाच्या काळात, लेखणी उचलली होती. मायदेशात आई, सासू, शेजारीण आणि कोपऱ्यावरचा दुकानदार यांच्याकडे जे ज्ञान वाटले गेलेले असते, ते परदेशात एकट्या गृहिणीला पुस्तकातच शोधावे लागते. अशा पुस्तकांना वाचक मिळत गेले ते यामुळेच.

बदक घरात येण्यासाठी आणखी एक गोष्ट जुळून आली. अमेरिकन, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन घरातील चुलीखाली बंदिस्त भट्टी आयतीच असते. जी सोय चिनी स्वयंपाकघराला शतकानुशतके नव्हती, ती स्थलांतरिताला भाड्याच्या घरात मिळाली. ज्या गावात चिनी दुकान नव्हते, तेथे सणाच्या दिवशी बदक हवे असेल तर ते स्वतः भाजण्यावाचून गत्यंतर नव्हते. यातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती कृती आकारास आली.

ही कृती तपासली असता तिची प्रत्येक पायरी दुकानातील एखाद्या साधनाची जागा भरताना दिसते. सुमारे दोन ते अडीच किलोचे बदक घेऊन त्याची आतली चरबी काढतात. कातडी सुटी करण्यासाठी कारागिराच्या फुंकरीऐवजी बोटे, क्वचित सायकलचा पंप वापरतात. मसाला भरून पोट दाभणाने शिवतात. पक्षी मोरीच्या भांड्यावर धरून त्याच्यावर उकळते पाणी ओततात. धान्याचा पाक न मिळाल्यास मध आणि व्हिनेगर यांचे मिश्रण लावतात. उत्तर चीनच्या कोरड्या वाऱ्याचे काम विजेचा पंखा करतो, किंवा पक्षी रात्रभर शीतपेटीत उघडा ठेवतात. भट्टीत टांगायला उंची नसते. म्हणून जाळीवर ठेवून खाली पाण्याची परात ठेवतात. ठिबकणारी चरबी त्यात पडते आणि धूर होत नाही. प्रथम मध्यम आच, शेवटी प्रखर. फळझाडांच्या लाकडाचा वास मात्र कशानेही भरून निघत नाही, आणि आडवे भाजलेले बदक टांगलेल्या बदकाइतके सर्व बाजूंनी सारखे रंगत नाही. या उणिवा घरच्या लोकांना ठाऊक असतात. तरीही ही कृती टिकली, कारण तिचे मोल केवळ चवीत नव्हते. दोन दिवस चालणाऱ्या या खटाटोपात मुले पाहतात, विचारतात, पाक लावायला हात लावतात. दुकानातील बदकाबरोबर ही शिकवण येत नसे.

दुकानांच्या वाट्याला या काळात निराळे प्रश्न आले. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत जुनी नावे पुसण्याच्या लाटेत च्वानज्युदचेही जुने नाव गेले. परंतु त्याच काळात, जुलै १९७१ मध्ये, हेन्री किसिंजर यांच्या गुप्त भेटीतील अवघड चर्चा थांबवून चौ एनलाय यांनी पाहुण्यांना भाजलेल्या बदकाचे जेवण दिले. राज्यसत्तेला दुकानाचे नाव नको होते, बदक हवे होते. अमेरिकेत आरोग्य निरीक्षकांनी काचेआड टांगलेल्या बदकांना हरकत घेतली. अन्न एकतर अतिशीत ठेवावे किंवा अतिउष्ण, हा त्यांचा नियम. भाजणावळींनी आपल्या पद्धतीची वैज्ञानिक तपासणी करून घेतली आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९८२ साली कायदा करून त्यांना सवलत दिली. शंभर वर्षांपूर्वी याच समाजावर बंदी घालणारा कायदा झाला होता, हे आठवले म्हणजे या लहानशा विजयाचे वजन कळते. पुढे २००८ साली चीन सरकारने बंद आणि टांगत्या भट्टीच्या दोन्ही पद्धतींना राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

यादीत जे नोंदले गेले ते दुकानाचे तंत्र होय, आणि ते योग्यच आहे. युआन मेईने ज्याचे नाव लिहिले नाही त्या बल्लवाच्या वंशजांना उशिरा का होईना मान मिळाला. घरातील बदकाची नोंद अशा कोणत्याही यादीत नाही. त्याला प्राचीनतेचा दावा करता येत नाही, आणि त्याची भट्टीही परकी आहे. परंतु एका समाजाने कोणते घर गमावले आणि कोणते पुन्हा उभारले, हे सांगणारा पुरावा म्हणून त्याचे महत्त्व कमी नाही. परंपरा ही नेहमीच मागून चालत आलेली नसते. तुटलेल्या जागी ती नव्याने जोडावी लागते, आणि जोडणाऱ्याच्या हाताशी जे असेल त्यानेच जोडावी लागते. इतिहासकाराने प्राचीन ग्रंथांइतक्याच आदराने जपून ठेवाव्यात अशा वस्तूंत, कडा तेलकट झालेल्या आणि समासात व्हिनेगरचे प्रमाण दुरुस्त केलेल्या, स्थलांतरित घरांतील पाककृतींच्या वह्याही आहेत.